घर गरम ठेवणारा पंप कसा निवडायचा? उष्णता, पाणी आणि त्रैराशिक यांचा एकत्रित पाठ



उष्णतेचा पाठ आपण विज्ञानात शिकवतो, लिटर-मिलिलिटर मापनात घेतो आणि त्रैराशिक गणिताच्या तासाला. तीन विषय, तीन वह्या. मुलं मग विचारतात, "बाई, याचा उपयोग काय?" आज असं एक उदाहरण घेऊ, जिथे या तिन्ही गोष्टी एकाच निर्णयात लागतात. निर्णय चुकला तर कडाक्याच्या थंडीत घर नीट गरम होत नाही, किंवा विजेचं बिल उगाच वाढत राहतं.

उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेच्या उत्तर भागातलं आहे. पण ते समजून घ्यायला लागणारे शब्द आपल्या शेतकरी पालकांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत: हेड, डिस्चार्ज, सक्शन, डिलिव्हरी.

घराबाहेरची भट्टी म्हणजे काय?

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, मेन ही राज्यं खूप थंड. मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्स या गावी हिवाळ्यात रात्रीचं तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणं ही नवलाची गोष्ट नाही. त्या भागात जमीन साधारण दीड मीटर खोलीपर्यंत गोठते. अशा ठिकाणी घर गरम ठेवणं ही चैन नाही, जगण्याची गरज आहे.

तिथल्या ग्रामीण भागात, जिथे स्वतःच्या रानातलं लाकूड मिळतं, तिथे अनेक कुटुंबं घराबाहेर लाकडावर चालणारी पाण्याची भट्टी बसवतात. लांबून ती पत्र्याच्या लहान खोलीसारखी दिसते, वर धुराडं. आत मधोमध आगीची पेटी आणि तिच्या भोवती शेकडो लिटर पाणी.

आपल्या मुलांना हे सांगायला फार कष्ट नाहीत. आपला तांब्याचा बंब आठवा. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. तत्त्व तेच. फरक एवढाच की बंबातलं गरम पाणी आपण बादलीत काढून अंघोळीला घेतो. या भट्टीतलं पाणी कोणी वापरत नाही, ते नुसतं फिरत राहतं. जमिनीखालच्या पाइपातून घरात जातं, तिथे उष्णता देतं आणि थोडं गार होऊन परत भट्टीत येतं. पुन्हा तापतं, पुन्हा जातं. म्हणजे पाणी हा इथे उष्णता वाहून नेणारा हमाल आहे. भट्टीत ओझं उचलायचं, घरात उतरवायचं, रिकाम्या हाताने परत यायचं.

या हमालाला चालतं ठेवणारा तो अभिसरण पंप. आकाराने नारळाएवढा, पण हिवाळाभर रात्रंदिवस चालणारा.

भट्टी घरापासून लांब ठेवतात, कारण धूर आणि आगीची भीती. धुराच्या तक्रारी वाढल्यावर तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये नव्या भट्ट्यांसाठी नियम केले आणि २०२० पासून ते आणखी कडक झाले. भट्टी लांब म्हणजे पाइप लांब. आणि लक्षात ठेवा, इथला प्रत्येक मीटर दोनदा मोजायचा, एकदा जाताना आणि एकदा येताना.

पहिला गैरसमज : "पाणी चढवायला ताकद लागते"

आपल्या विहिरीवरच्या पंपाचं काम पाणी उचलण्याचं. विहीर १५ मीटर खोल असेल तर ते १५ मीटर हेड मोजावंच लागतं, शिवाय पाइपातल्या घर्षणाचं वेगळं. वर आलेलं पाणी शेतात जातं, परत विहिरीत पडत नाही.

भट्टीच्या पंपाचं तसं नाही. इथे पाइप पूर्ण भरलेला आहे आणि पाणी गोल फिरतंय. जेवढं पाणी वर चढतंय तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली उतरतंय. मुलांना जत्रेतला आकाशपाळणा आठवायला सांगा. एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. दोन्हीकडचं वजन सारखं असेल तर मोटारीला माणसं "उचलावी" लागत नाहीत, फक्त चाकाचं घर्षण सोसावं लागतं.

भरलेल्या गोल पाइपातही तसंच. चढ आणि उतार एकमेकांना फेडतात. उरतं ते घर्षण. पाइपाच्या भिंतीचं, वळणांचं, आणि घरातल्या उष्णता देणाऱ्या जाळीचं. या घर्षणालाही "हेड" म्हणतात आणि तेही मीटरमध्येच मोजतात. म्हणून गोंधळ होतो. घर दुमजली आहे म्हणून मोठा पंप घ्यायला पाहिजे, असं नाही.

एक अट मात्र आहे. पाइपात हवा राहता कामा नये. हवा अडकली की पाळण्याची एक बाजू रिकामी झाली असं समजा. म्हणून सुरुवातीला पाणी भरताना घरातल्या बाजूने नळी लावून पाणी रेटतात आणि हवा भट्टीकडे बाहेर काढतात. घरातली जाळी भट्टीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खूप वर असेल तर सुरुवातीच्या भरणीचा वेगळा विचार करावा लागतो.

पहिला आकडा : मिनिटाला किती लिटर?

आता गणित. एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी एक अंशाने गार झालं की तेवढीच उष्णता देतं.

समजा, एका घराला सर्वांत थंड दिवशी २० किलोवॅट उष्णता लागते. एक किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी.

२० × ८६० = १७,२०० किलोकॅलरी, तासाला.
१७,२०० ÷ ६० = सुमारे २८७ किलोकॅलरी, मिनिटाला.

पाणी घरात शिरताना ८० अंश आणि बाहेर पडताना ७० अंश असेल, तर प्रत्येक लिटरने १० किलोकॅलरी घरात उतरवल्या. मग मिनिटाला लागणारे लिटर:

२८७ ÷ १० = सुमारे २९ लिटर.

झालं. पहिला आकडा, म्हणजे डिस्चार्ज, मिळाला. सहावी-सातवीच्या मुलाला हे सहज जमतं. घराचा आकडा बदलून, तापमानातला फरक बदलून मुलांना दहा उदाहरणं घालता येतील. फरक १० ऐवजी १५ अंश धरला तर? २८७ ÷ १५ = सुमारे १९ लिटर. म्हणजे हमालाने जास्त ओझं उचललं तर फेऱ्या कमी लागतात.

मग फेऱ्या अगदीच कमी का करू नयेत? कारण फार गार होऊन आलेलं पाणी भट्टीला मानवत नाही. परत येणारं पाणी साधारण ६० अंशांच्या खाली राहिलं तर आतल्या पत्र्यावर धुरातली वाफ थिजते, डांबरासारखा चिकट थर बसतो आणि पत्रा गंजतो.

दुसरा आकडा : घर्षणाचं हेड

समजा, भट्टी घरापासून ६० मीटरवर आहे. जाणं-येणं मिळून पाइप १२० मीटर. दुकानात प्लॅस्टिकचे दोन पाइप मिळतात. तिथे त्यांना एक इंची आणि सव्वा इंची म्हणतात. आतला व्यास पाहिला तर एक सुमारे २२ मिलिमीटर, दुसरा सुमारे २७ मिलिमीटर. फरक फक्त ५ मिलिमीटरचा, म्हणजे पट्टीवरच्या पाच बारीक रेघा!

मिनिटाला २९ लिटर पाणी जाताना बारीक पाइपात दर मीटरला अंदाजे ८ सेंटिमीटर हेड खर्च होतं, जाड पाइपात अंदाजे ३ सेंटिमीटर. घरातली जाळी, वळणं, व्हॉल्व्ह यांचे मिळून दीड मीटर धरू.

बारीक पाइप : १२० × ८ = ९६० सेंमी, म्हणजे ९.६ मीटर. अधिक १.५ = ११.१ मीटर.
जाड पाइप : १२० × ३ = ३६० सेंमी, म्हणजे ३.६ मीटर. अधिक १.५ = ५.१ मीटर.

पाच मिलिमीटरच्या फरकाने हेड निम्म्याहून खाली आलं. व्यास थोडा वाढला की घर्षण फार झपाट्याने उतरतं. "थोडासाच फरक आहे" असं म्हणून बारीक पाइप पुरला, तर तो खड्डा पुन्हा उकरणं कोणाला परवडत नाही. पंप मात्र अर्ध्या तासात बदलता येतो.

पंपाचा आलेख वाचायला शिकवू या

प्रत्येक पंपासोबत एक आलेख येतो. आडव्या अक्षावर मिनिटाला किती पाणी, उभ्या अक्षावर किती हेड. रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. म्हणजे पंप एकाच वेळी जास्तीत जास्त हेड आणि जास्तीत जास्त पाणी देऊ शकत नाही. जाहिरातीत मात्र दोन्ही मोठे आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. "हेड ५.८ मीटर, डिस्चार्ज ६५ लिटर" असं वाचून दोन्ही मिळतील असं वाटतं, ते खरं नाही. ५.८ मीटर हेडला पाणी शून्य आणि ६५ लिटरला हेड शून्य.

इथे एक गंमत सांगते. आपण पाचवीला किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर, मीटर, डेसीमीटर हा तक्ता पाठ करून घेतो. मुलं म्हणतात, डेसीमीटर कुठेच वापरत नाहीत. ग्रुंडफॉस या डॅनिश कंपनीच्या अभिसरण पंपांवर २५-६० असे आकडे असतात. त्यातला दुसरा आकडा म्हणजे जास्तीत जास्त हेड, तेही डेसीमीटरमध्ये. ६० डेसीमीटर म्हणजे ६ मीटर. पहिला आकडा जोडणीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. तक्ता पाठ असलेलं मूल हा पंप वाचू शकतं.

आता आपल्या घरासाठी दोन पंप समोर ठेवू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण बाजारातल्या पंपांच्या जवळचे आहेत.

लहान पंप : जास्तीत जास्त हेड ५.८ मीटर, वीज ८५ वॅट.
मोठा पंप : जास्तीत जास्त हेड ९.९ मीटर, वीज २०० वॅट.

पाइपाचं घर्षण पाण्याच्या प्रमाणात वाढत नाही. पाणी दुप्पट केलं तर घर्षण जवळजवळ चौपट होतं. म्हणून पाइपाची रेघ वर चढत जाते आणि पंपाची रेघ खाली उतरत जाते. दोन्ही जिथे छेदतात, तेवढंच पाणी प्रत्यक्षात फिरतं.

मोठा पंप बारीक पाइपाला लावला, तर रेघा सुमारे २५ लिटरवर छेदतात.
लहान पंप जाड पाइपाला लावला, तर सुमारे २७ लिटरवर.

पुन्हा एकदा वाचा. दुपटीहून जास्त वीज खाणारा मोठा पंप बारीक पाइपात कमी पाणी देतो, आणि लहान पंप जाड पाइपात जास्त. २७ लिटरला तापमानातला फरक १० ऐवजी साधारण साडेदहा अंश होईल, एवढंच. घर तेवढंच गरम राहील.

बिलाचं गणित

हिवाळा सहा महिन्यांचा, म्हणजे १८० दिवस. पंप २४ तास चालू.

लहान पंप : ८५ × २४ × १८० ÷ १००० = सुमारे ३६७ युनिट.
मोठा पंप : २०० × २४ × १८० ÷ १००० = ८६४ युनिट.

फरक जवळजवळ ५०० युनिटचा, दर हिवाळ्यात. मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगा आणि आपलं घर ५०० युनिट किती महिन्यांत वापरतं ते काढायला लावा. तेव्हा हा आकडा त्यांना "दिसेल".

कोणी म्हणेल, जाऊ दे बिल, आणखी मोठा पंप लावून पाणी दुप्पट फिरवू, घर तरी जास्त गरम होईल. होईल का? पाणी दुप्पट झालं तर प्रत्येक लिटर निम्मं ओझं उचलेल. ८० अंशांनी गेलेलं पाणी ७० ऐवजी ७५ अंशांनी परत येईल. जाळीतलं सरासरी तापमान ७५ वरून साडेसत्त्याहत्तर, म्हणजे अडीच अंशांचा फायदा. त्यासाठी घर्षण चौपट, पाणी दुप्पट, म्हणून पंपाला ताकद जवळजवळ आठपट. आणि लाकूड तर तेवढंच जळतंय! उष्णता लाकडातून येते, पंपातून नाही.

आकड्यांपलीकडच्या चार गोष्टी

१. पंपाची जागा. या भट्ट्या बहुतेक वेळा उघड्या प्रकारच्या असतात. वर वाफेला वाट असते, दाब साठत नाही. आपला बंबही आपण कधी बूच मारून बंद करत नाही, तसंच. पण दाब नसल्यामुळे एक अडचण येते. ८० अंशांचं पाणी जोरात ओढलं तर पंपाच्या तोंडाशी दाब आणखी कमी होतो, पाण्याचे बुडबुडे होतात, पंप खडखडतो आणि आतला पंखा खराब होतो. म्हणून पंप भट्टीजवळ, पाण्याच्या पातळीच्या खाली बसवतात. त्याने लांबून ओढायचं नाही, पुढे ढकलायचं. आपले शेतकरीही सक्शन पाइप आखूड ठेवतात, कारण जवळपास तेच.

२. पंप कशाचा? उघड्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळत राहतो, म्हणून ओतीव लोखंड गंजतं. स्टेनलेस स्टील किंवा कांस्याचा पंप महाग, पण अशा ठिकाणी टिकाऊ. लोखंडी पंप लावलाच तर पाण्यात गंजरोधक औषध घालून ते वेळोवेळी तपासावं लागतं.

३. बसवण्याची पद्धत. या लहान पंपांच्या बेअरिंगला ग्रीस नसतं, फिरणारं पाणीच त्यांचं वंगण. म्हणून ते कोरडे चालवायचे नाहीत आणि मोटारीचा दांडा आडवा राहील असेच बसवायचे. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेत, म्हणजे बदलताना शेकडो लिटर पाणी सोडून द्यावं लागत नाही.

४. वीज गेली तर? आपल्याकडे वीज गेली की पंखा बंद होतो. तिथे पंप बंद होतो. आग लगेच विझत नाही, भट्टीतलं पाणी उकळू लागतं, आणि घराकडच्या उघड्या पाइपातलं थांबलेलं पाणी काही तासांत गोठू शकतं. गोठलेलं पाणी फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून काही घरं इन्व्हर्टर ठेवतात. इथेही लहान पंपाचा फायदा: ८५ वॅटचा पंप त्याच बॅटरीवर २०० वॅटच्या पंपापेक्षा दुपटीहून जास्त वेळ चालतो. काही जण पाण्यात न गोठणारं द्रव्य मिसळतात. पण त्याने पाणी घट्ट होतं आणि प्रत्येक लिटरमागे उष्णता कमी वाहतं, म्हणून वरचं सगळं गणित पुन्हा करावं लागतं.

वर्गात करायचा प्रयोग

साहित्य : एक बादली, सारख्या लांबीच्या दोन नळ्या (एक बारीक, एक जाड), एक लिटरचं मापं, घड्याळ. पाणी गारच घ्या.

बादली टेबलावर ठेवा. आधी बारीक नळीने एक लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग जाड नळीने. बादलीतली पाण्याची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवा. नंतर बारीक नळी अर्धी कापून पुन्हा मोजा. प्रयोगाआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. उत्तर आपण सांगायचं नाही. "व्यास थोडासाच जास्त, मग वेळ इतका कमी का?" हा प्रश्न त्यांनीच विचारायला हवा.

सरावासाठी प्रश्न

१. घराला १५ किलोवॅट उष्णता लागते. तापमानातला फरक १० अंश. मिनिटाला किती लिटर पाणी हवं?
२. भट्टी ६० ऐवजी ३० मीटरवर आणली आणि पाणी २९ लिटरच ठेवलं, तर बारीक पाइपाचं एकूण हेड किती होईल?
३. पंपावर २५-४० लिहिलं आहे. जास्तीत जास्त हेड किती मीटर?
४. विहिरीच्या पंपाला उंची मोजावी लागते, भट्टीच्या पंपाला का नाही? आपल्या शब्दांत सांगा.

(उत्तरं : १. सुमारे २१.५ लिटर. २. ६.३ मीटर. ३. ४ मीटर. चौथ्याचं उत्तर मुलांचं मुलांनीच द्यायचं.)

पालकांसाठी एक विनंती. घरी मोटार, गीझर किंवा कूलर घेताना मुलांना सोबत न्या. दुकानदार "किती एचपी?" विचारेल. त्याआधी मुलांना दोन प्रश्न विचारू द्या: "आपल्याला मिनिटाला किती पाणी लागतं? आणि पाइप केवढा नि किती लांब आहे?" या दोन प्रश्नांची उत्तरं हातात असली की एचपीचं उत्तर आपोआप मिळतं, आणि बहुतेक वेळा ते आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान असतं.

प्रयोग करून पाहिलात तर मुलांचे अंदाज आणि प्रत्यक्ष सेकंद दोन्ही फळ्यावर शेजारी लिहा. त्या दोन रकान्यांवरून पुढचा अख्खा तास घेता येतो.